शेवटची चार पानं

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. माझ्या मांडीवर प्रुफांचा गठ्ठा होता, त्यातलं शेवटचं दीड पान. आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती आणि तिची नजर माझ्या कानाच्या जरा पलीकडे लागली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, समोरचं माणूस तिला सावलीएवढंच दिसायचं. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, आता काय बघायचं राहिलंय. वर्षभर मी हेच ऐकत होते.

प्रुफं बोंद्रेसरांच्या आत्मचरित्राची होती. नरहर बोंद्रे, आमच्या जिल्ह्याच्या मूकबधिर शाळेचे संस्थापक. गावातल्या एका चौकाला त्यांचं नाव त्यांच्या हयातीतच देऊन झालं होतं. आत्मचरित्राचं हस्तलिखित त्यांनी आमच्या प्रकाशनाकडे दिलं आणि महिन्याभरात ते गेले. मी तिथे संपादनाचं काम करायचे, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. आई त्याच शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. घरी प्रुफं आणली की ती रोज एखादं प्रकरण वाचून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, इथं सर विसरले, तो मुलगा दर्यापूरचा नव्हता, मूर्तिजापूरचा होता.

शेवटच्या दीड पानाला सरांनी 'जाता जाता' असं नाव दिलं होतं. त्यात होतं:

'संस्थापक म्हणून माझे सत्कार झाले, ते मी घेतले. शाळा मी काढली नाही. ती प्रमिलाबाई गावंडे यांच्या घराच्या पुढच्या खोलीत सुरू झाली. मी त्या दारावर पहिल्यांदा थाप मारली, तेव्हा आत मुलं शिकत होती. नोंदणीसाठी पदवीधर माणसाचं नाव लागत होतं, ते माझं घातलं गेलं. पुढे ते दुरुस्त करायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणणंही खरं नाही. मी राहू दिलं.'

प्रमिलाबाई गावंडे म्हणजे माझी आई.

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्यांना आठवत होतं तर."

"आठवणारच."

"हे छापून येणार?"

"येणार."

"पुस्तकात?"

"पुस्तकातच, आई. दुसरीकडे कुठे येणार?"

तिने पदराने डोळे पुसले. मोतीबिंदूमुळे ते तसेही गळायचे. मग म्हणाली, "डॉक्टरांची तारीख घे. हे मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय."

मला शाळेचे ते पहिले दिवस आठवत नाहीत, मी तेव्हा पाळण्यात होते. पण ऐकलेलं पुष्कळ आहे. शेजारच्या तेल्यांची शकू जन्मापासून बहिरी. ती आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची आणि आई मला काय बोलते ते टक लावून बघायची. आईने तिला आरसा दिला, आपल्या गळ्यावर तिचा हात ठेवला आणि दोन-तीन महिन्यांत तिच्याकडून 'आई' म्हणवून घेतलं. ते ऐकून लोक आपापली मुलं घेऊन यायला लागले. ही मुलं दारावर थापा मारायची आणि दार उघडलं तरी मारतच राहायची, कारण ती थाप त्यांना हातात जाणवायची. आईने कधी त्यांना थांबवलं नाही. वडील मात्र वैतागायचे, कडी दोनदा बदलावी लागली म्हणायचे.

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनीच सरकारदरबारी खेटे घातले, जागा मिळवली, इमारत उभी केली. आई त्यांच्याबद्दल कधी वाकडं बोलली नाही. फक्त शाळेच्या वर्धापनदिनाला 'संस्थापकांचे मनोगत' असं पुकारलं की ती पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला लागायची. लहानपणी मला वाटायचं, आईचं दरवर्षी याच वेळी काय हरवतं.

आता उजवणेकाकांबद्दल सांगायला हवं. पद्माकर उजवणे आमचे प्रकाशक. मी बी.ए. होऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मला पुस्तक फक्त वाचता यायचं. पुस्तक कसं बनतं ते सगळं काकांनी शिकवलं. अर्पणपत्रिका उजव्या पानावरच हवी, डाव्या पानावर अर्पण केलेलं पुस्तक म्हणजे डाव्या हाताने दिलेला प्रसाद, असं ते म्हणायचे. मजकुरात बदल झाला तरच 'दुसरी आवृत्ती' म्हणायचं, नाहीतर 'पुनर्मुद्रण'. नुसतं पुन्हा छापून आवृत्ती म्हणवणाऱ्या प्रकाशकांना ते लबाड म्हणत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा फर्मा. छापखान्यात एकेक पान छापत नाहीत, मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि मग त्याची घडी घालतात. ती घडी म्हणजे फर्मा. पुस्तक फर्म्यात बसवायचं हे आमचं अर्धं काम. मजकूर दोन पानांनी वाढला तरी आख्खा नवा फर्मा घ्यावा लागतो, म्हणून कधी चित्र लहान करायचं, कधी लेखकाच्या हातापाया पडून दोन परिच्छेद काढून घ्यायचे. एका कवीला मी फर्म्यापायी एक कविता गाळायला लावली होती, तो अजून माझ्याशी बोलत नाही.

उलट कधी पानं उरायची. काका कोणतंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटून उघडत. मागे कोरी पानं दिसली की त्यांच्या कपाळावर आठी. "वसू, मागचं पान कोरं राहिलं की वाचकाला वाटतं, माणसाला अजून काही सांगायचं होतं," असं म्हणायचे. म्हणून उरलेल्या पानांवर आम्ही 'आमची काही महत्त्वाची प्रकाशने' अशी यादी टाकायचो. किती पानं उरली ते बघून ती यादी लांबवायची किंवा आखडायची हे काम माझं होतं. दुसरं कुणी त्याला हात लावायचं नाही.

काकांवर माझा विश्वास होता म्हणणं अपुरं आहे. वडील गेल्यावर घरातला कुठलाही निर्णय मी त्यांना विचारल्याशिवाय घेतला नाही. आईच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली तेव्हा म्हणाले, दोन्ही डोळे होईपर्यंत येऊ नको, बोंद्र्यांचं पुस्तक मी स्वतः छापखान्यात उभा राहून करून घेतो. तपासलेली प्रुफं मी त्यांच्या हातात दिली. 'जाता जाता'च्या पानावर जरा थांबून म्हटलं, "काका, हे आईसाठी फार मोठं आहे."

"कळतं मला," ते म्हणाले.

आईच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते दवाखान्यात आले. मोसंबीची पिशवी होती. आईच्या उशाशी बसून शाळेच्या गप्पा मारल्या, निघताना म्हणाले, "बाई, डोळे सांभाळा. पुस्तक येऊन राहिलं तुमचं." पट्टीखालून आई हसली. 'तुमचं' हा शब्द तिने पुढे मला दोनदा सांगितला.

मी कामावर परतले तेव्हा पुस्तक छापून बांधणीलाही गेलं होतं. काकांनी मला समोर बसवलं, चहा मागवला आणि मग म्हणाले, एक वाईट झालं. शिरीषने, म्हणजे सरांच्या मुलाने, शेवटच्या क्षणी प्रस्तावना पाठवली. शिरीष आता शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष, त्याला नाही म्हणता येईना. प्रस्तावनेने पानं वाढली आणि 'जाता जाता' नव्या फर्म्यात जायला लागलं. दीड पानासाठी सोळा पानांचा कागद. "तूच सांग, वसू, मी काय करायचं होतं?"

पण मी काय सांगणार होते? हा हिशेब त्यांनीच मला शिकवला होता आणि मी तो दुसऱ्यांना ऐकवत आले होते. कवीला कविता गाळायला लावणारी मी, आता आईचं पान आलं म्हणून नियम बदला म्हणू?

"पुढच्या आवृत्तीत घेऊ," काका म्हणाले. "तेव्हा खऱ्या अर्थाने आवृत्ती होईल."

घरी येऊन आईला सांगितलं. तिचा दुसरा डोळाही झाला होता, काळा चष्मा लावून ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "फर्मा म्हणजे काय गं?" मी वर्तमानपत्राचा एक ताव घेतला, तीनदा घडी घातली, कडा कापल्या आणि पानांवर आकडे टाकून तिच्या हातात दिला. तिने एकेक पान उलटून बघितलं. शिक्षिका ती, तिला लगेच उमगलं. म्हणाली, "म्हणजे एक पान वाढलं तरी सोळा वाढतात. नाही परवडायचं." मग त्याच कागदात भाजीची देठं गुंडाळून टाकली. मला तिचा राग आला. मला वाटलं, तिने भांडायला हवं होतं.

प्रकाशनाचा समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. प्रती बांधणीवाल्याकडून थेट तिकडेच गेल्या होत्या, त्यामुळे पुस्तक मीही अजून बघितलं नव्हतं. हजारातल्या सातशे प्रती संस्थाच घेणार होती. नवा चष्मा लावून आई तिसऱ्या रांगेत बसली. तिला वर बोलावलं गेलं नाही, पण माजी शिक्षकांचा एकत्र सत्कार झाला त्यात एक गुलाब मिळाला आणि पुस्तकाची प्रत मिळाली.

शिरीष चांगलं बोलला. 'बाबांनी शून्यातून शाळा उभी केली' हे वाक्य तीन-चारदा आलं. त्याच्या शेजारी उभी राहून एक तरुण शिक्षिका मुलांना खुणांनी भाषण सांगत होती. शिरीष 'शाळा' म्हणाला की ती मूठ हवेत दोनदा आपटायची, दारावर थाप मारल्यासारखी. समोर बसलेली शंभरेक मुलं ती खूण बघत होती. त्या शाळेत शाळेला तीच खूण आहे, पहिल्यापासून. का आहे हे त्या शिक्षिकेला ठाऊक नसावं. शिरीषने तर तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी आईकडे बघितलं. या वेळी तिने पर्स उघडली नव्हती.

घरी आल्यावर तिने लुगडं बदललं, चहा ठेवला आणि पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसली. किती दिवसांनी ती स्वतः वाचत होती. मी भाकरीचं पीठ मळत होते. तिने आधी फोटो बघितले, मग मधलीच काही पानं. मग आतून तिचा आवाज आला.

"वसू, फर्मा सोळा पानांचाच ना?"

"हो."

"मग ही पानं काहून कोरी आहेत?"

पिठाच्या हाताने मी बाहेर गेले. पुस्तक तिच्या मांडीवर शेवटच्या बाजूने उघडं होतं. सरांचा मजकूर एका पानावर संपत होता, आणि त्याच्यापुढे कोरी पानं होती. दोन कागद, पाठपोट मिळून चार पानं. मी ती उलटून बघितली, मग परत उलटून बघितली. त्यात 'जाता जाता' छापून वर दोन पानं उरली असती.

"तू तर म्हणाली होती जागा नव्हती," आई म्हणाली. तिचा आवाज वर्गात एखाद्या मुलाचं गणित चुकल्यावर व्हायचा तसा होता, न रागावता विचारणारा.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आता तिला नीट दिसत होतं. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "जा, पीठ वाळेल." पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या खोलीत गेले आणि पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी सवयीने ते शेवटून उघडलं. कोरी पानं दिसली आणि त्यांच्या कपाळावर तीच आठी आली. ती आठी बघून मला क्षणभर वाटलं, यांनाही हे आत्ताच कळतंय. छापखान्यातच काहीतरी घोटाळा झालाय. मला ते फार हवं होतं.

ते म्हणाले, "यादी टाकायची राहिली."

मी उभीच होते.

"ती तूच टाकते ना नेहमी. तू नव्हती." त्यांनी पुस्तक बाजूला सारलं. "बस, वसू."

मी बसले नाही. मी विचारलं, पान कुणी काढलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, तेवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. शिरीष आला होता. हे दीड पान छापलं तर संस्था एकही प्रत घेणार नाही म्हणाला. बाबा शेवटी भ्रमात होते, म्हणाला. लेखक हयात नसला की मजकुराबद्दल घरच्यांचा शब्द मानायचा असतो, काका म्हणाले, हा आपल्या धंद्याचा संकेत आहे, तुला ठाऊक आहे.

"संकेत होता तर मला फर्मा काहून सांगितला?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फर्म्यावर तू वाद घातला नसता."

मला हे अजून जसंच्या तसं ऐकू येतं. खोटं बोलले याचं दुःख होतंच, पण खोटं बोलायला त्यांनी नेमकं ते उचललं होतं जे त्यांनी मला मन लावून शिकवलं होतं आणि मी मन लावून शिकले होते. कामात मी कच्ची असते तर त्यांना दुसरी थाप शोधावी लागली असती.

"दवाखान्यात आलात, मोसंबी घेऊन," मी म्हटलं. "आईला म्हणालात, पुस्तक येतंय तुमचं. तेव्हा ठरायचं होतं की ठरलं होतं?"

"तेव्हा छापून झालं होतं."

हस्तलिखित कुठे आहे, मी विचारलं. ते शिरीषकडे परत गेलं होतं, प्रुफांसकट. काम झाल्यावर मूळ प्रत घरच्यांना परत करायची, हाही संकेतच. काका म्हणाले, अशा गोष्टी सगळीकडे होतात, मी मनाला लावून घेऊ नये, आणि आईला तर त्यांनी फार मानलं आहे. मी पुस्तक उचललं आणि बाहेर आले. महिनाभर नोटीस दिली, अर्धवट राहिलेली कामं पुरी केली, आणि त्या महिन्यात मी त्यांच्याशी कामापुरतंही वर मान करून बोलले नाही. शेवटच्या दिवशी ते जिन्यापर्यंत आले. मी चप्पल घालून निघून गेले.

घरी मात्र मला एक कल्पना सुचली होती. आईला सरांचं लिखाण तोंडपाठ झालेलं, दोनदा वाचून दाखवलेलं आणि मनात तर किती वेळा घोळलेलं. मी तिला म्हटलं, तू सांग, मी लिहिते, तुझ्याच प्रतीत, या कोऱ्या पानांवर. अक्षर माझं चांगलं आहे.

ती शेंगा फोडत होती. हातातले दाणे आणि टरफलं तिने वेगळी केली.

"मी सांगितलं तर ते माझं होईल," ती म्हणाली. "शाळा मी काढली हे मला ठाऊकच आहे, वसू. ते त्यांनी लिहिलं होतं, एवढीच त्यात नवी गोष्ट होती."

मी पेन परत ठेवलं. आई त्यानंतर नऊ-दहा वर्षं होती. चांगल्या डोळ्यांनी तिने पुष्कळ वाचलं, पण ते पुस्तक पुन्हा उघडलेलं मी बघितलं नाही. तिच्या अंत्ययात्रेला शकू आली होती, साठीला टेकलेली, नातवाचा हात धरून. तिने आमच्या उघड्या दारावर दोनदा थाप मारली आणि मग आत आली.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला पुस्तक प्रदर्शनात गेले होते. आमच्या जुन्या प्रकाशनाचा गाळा होता. काका गेले, आता त्यांचा पुतण्या बघतो. बोंद्रेसरांचं पुस्तक समोरच मांडलेलं, नवं मुखपृष्ठ, गुळगुळीत कागद. मी ते उचललं आणि हात आपोआप शेवटाकडे गेला. कोरी पानं नव्हती. तिथे 'आमची काही महत्त्वाची प्रकाशने' होती, बरोब्बर चार पानं भरून. मग मी सुरुवातीचं पान बघितलं, जिथे आवृत्तीची नोंद असते. प्रथमावृत्तीचं साल होतं, आणि खाली 'पुनर्मुद्रण', काकांच्या हयातीतलं साल. मजकुरात बदल नव्हता, म्हणून आवृत्ती म्हटलेलं नव्हतं. तेवढा नियम त्यांनी पाळला होता.

गाळ्यावरची मुलगी जवळ आली. कॉलेजात शिकत असावी, उत्साही होती.

"घ्या ना मॅडम, फार छान आहे," ती म्हणाली. "शाळा कशी सुरू झाली ते सगळं आहे यात."

"आहे माझ्याकडे," मी म्हटलं, आणि पुस्तक होतं तिथे ठेवलं.